सरकारच्या शिवेत ठेवलेला गाडा

भुताखेतांची गोष्ट सांगणाऱ्याला मी आयुष्यभर दोनच प्रश्न विचारत आलो — "तू स्वतः पाहिलंस का?" आणि "पाहिलंस तेव्हा पोटात काय होतं?" पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा "माझ्या साडूच्या मित्रानं पाहिलं" असं यायचं, आणि दुसऱ्या प्रश्नावर लोक चिडायचे. या सदरातले अनुभवही मी नातवंडांना मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मधेमधे हसतो, हे आधीच सांगून टाकतो. चकवा, हडळ, पिंपळावरची बाई... यांच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही.

पण एक गोष्ट मी स्वतः पाहिली. भर दुपारी, पाच-पन्नास माणसांत उभं राहून. पोटात मामीच्या हातचा भात आणि वांग्याची भाजी होती, मोहाच्या दारूचा थेंबही नव्हता. तेव्हा आता हसायची पाळी तुमची!

साल १९५५. दिवाळी होऊन गेली होती. हलकं धान कापून बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, पडलेलं, भारी धान अजून उभं. गोंदिया जिल्हा तेव्हा नव्हता — आम्ही भंडाऱ्यात मोडायचो, राज्य मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. मी गोंद्याला राहायचो आणि नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. वार्ताहर म्हणजे काय, तर दिवसभर राईस मिलमध्ये कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात रुबाब. पेपरात त्या काळी उडत्या तबकड्यांचा नुसता सुळसुळाट होता. अमेरिकेतला कोणी शेतकरी आभाळाकडे बोट दाखवायचा, तिथलं सरकार म्हणायचं फुगा होता, आणि आम्ही चहाच्या टपरीवर बसून दोघांनाही हसायचो.

माझे श्रावणमामा चिचगडच्या बाजूच्या एका गावचे पटेल होते. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, आणि गावाचा कारभार पाहायला सरकारनं गावोगाव पटेल नेमले होते. गावाचं नाव मी सांगणार नाही. या गोष्टीत आणखी गावं येतील, त्यांचीही नावं सांगणार नाही. त्याला कारण आहे, ते पुढे कळेल.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक. मामाच्या गावच्या मंडईला मी दरवर्षी जायचो. त्या वर्षी मात्र मंडईला रंग नव्हता, कारण त्या सगळ्या पट्ट्यात बैलांना खुरी लागली होती. बैल लाळ गाळत बसलेले, खूर टेकवत नव्हते. धान कापून पडलेलं आणि ते खळ्यावर आणायला, चुरायला म्हणजे मळायला एक बैल उभा राहत नव्हता! वरून पाऊस आला असता तर वर्षाचं अन्न बांधीतच कुजलं असतं. मामा पटेल, म्हणून लोक येऊन मामालाच विचारायचे, आणि मामा तरी काय करणार?

मी जिलबीच्या दुकानासमोर उभा होतो. जिलबीवाल्यानं हातातला झारा तसाच वर धरून ठेवला, म्हणून मी वर पाहिलं.

आभाळ स्वच्छ होतं. त्यातून एक पांढुरकी वस्तू खाली येत होती. पडत नव्हती... येत होती. सावरीची म्हातारी हवेतून उतरते ना, तशी. फक्त सावरीच्या म्हातारीला वारा इकडेतिकडे नेतो, हिला वारा हलवत नव्हता. आवाज नाही, धूर नाही. ती वस्तू गावाच्या बोडीवर, म्हणजे आमच्या छोट्या तळ्याच्या पाळीवर, येऊन टेकली.

आम्ही धावलो. मी सगळ्यांत पुढे — वार्ताहर ना मी! धान साठवायच्या ढोलीएवढी मोठी वस्तू. रंग राखी कोहळ्याचा, अंगावर पूड असल्यासारखा, पण हाताला पूड लागत नव्हती. स्पर्श थंड. सांधा नाही, खिळा नाही, अक्षर नाही. मी बोटांनी वाजवून पाहिली, आवाज आला नाही. बारीक आला असं नाही... आलाच नाही. एकानं कुऱ्हाड मारून पाहिली, ओरखडासुद्धा उठला नाही. आणि वजन म्हणाल, तर दोन बायांनी ती रिकाम्या टोपलीसारखी उचलून पाळीच्या खाली ठेवली.

हे सगळं मी फुगा म्हणून, विमानाचा तुकडा म्हणून पचवलं असतं. पण मामानं माझा दंड धरला आणि ते हळूच म्हणाले, "भाचेबुवा, ढोरं पाह्य."

झाडाखाली, गोठ्यांच्या दारात, जिथे जिथे आजारी गुरं बसली होती, तिथून ती सगळी बोडीकडे तोंड करून पाहत होती. बसल्या जागी वळलेली. माझ्या अंगावर काटा आला, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही.

आता पुढचं कळायला आमच्याकडचा एक रिवाज सांगितला पाहिजे. गावात रोगराई आली की मरीमायचा गाडा काढतात. लाकडाचा छोटा गाडा, त्यावर लाल कापड, लिंबं, बांगड्या आणि एक काळी कोंबडी. पुजारी मंत्र म्हणतो, गाव त्या दिवशी बंद असतं, आणि गाडा ओढत नेऊन दुसऱ्या गावाच्या शिवेत सोडतात. रोग गेला. मग ते गाव आपली पूजा करून तो तिसऱ्या गावाच्या शिवेत ढकलतं. नियम दोन. गाडा सोडून परतताना मागं वळून पाहायचं नाही, आणि गाडा कुठून आला, कुठे दिला, त्या गावाचं नाव कधीच घ्यायचं नाही. नाव घेतलं की गाडा नाव घेणाऱ्याच्या गावात परततो.

बोडीच्या पाळीवर गावच्या पुजाऱ्यानं त्या वस्तूकडे नीट पाहिलं आणि निकाल दिला, "गाडा हाये. कोनीतरी आपल्या शिवेत सोडला."

मला हसू आवरेना. मी म्हणालो, "मामा, ही मशीन आहे. रशियाची असेल, नाहीतर अमेरिकेची. हिचा फोटो छापून आला तर तुमच्या गावाचं नाव दिल्लीला पोचेल!"

"असन मशीन," मामा म्हणाले. "पन मशीन बी कोनाच्या तरी शिवेतूनच आली असन ना?"

फोटोशिवाय ही बातमी कोणी छापणार नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी गोंद्याला निघालो. मामाला बजावलं, वस्तूला हात लावू नका, मी फोटोग्राफर घेऊन येतो. फोटोग्राफर एक, आणि लग्नं अनेक! आज येतो, उद्या येतो करत दिवस गेले. शेवटी तो आला नाहीच. आला तो बसच्या कंडक्टरकडून मामीचा निरोप — "मामाले सरकारनं नेलं. लवकर ये."

रेल्वेनं आमगाव, तिथून देवरीची खटारा बस, आणि पुढे ओळखीच्या दुकानदाराची सायकल. मामीनं सांगितलं ते असं. कोतवालानं रिवाजाप्रमाणे ठाण्यात वर्दी दिली होती, की आभाळातून काही पडलं. दोन-तीन दिवसांत नागपूरकडून जीप आली. त्यात दोन साहेब, एक उंच हॅटवाला, हिंदी बोलणारा, आणि एक चष्मेवाला मराठी. खातं कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तोवर गावानं त्या वस्तूला लाल कापड बांधून, गाड्यावर घालून पुढच्या शिवेत सोडून दिलं होतं. साहेबांनी सगळ्या गावाला विचारलं. गाव मुकं! मग साहेबांनी पटेलाला जीपमध्ये घातलं आणि मोठ्या सडकेवरच्या डाकबंगल्यात नेऊन बसवलं. वस्तू मिळाली नाही तर दोन दिवसांनी नागपूरला नेणार, सरकारी वस्तू लपवल्याची केस होणार, पटेलकी तर गेलीच.

मामी रडत नव्हती, चिडली होती. "आभारातून काय पडलं ते तुहं तू पाह्य," ती म्हणाली. "मले तुह्या मामाले घरी आनून दे. त्यायले बंगल्यात पोरी देऊन राहिले, भात नाही. भाताबिगर तो मानूस मरन."

'आभारातून' म्हणजे आभाळातून आणि 'पोरी' म्हणजे पोळी. आमच्या झाडीकडे 'ळ' चा 'र' होतो, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात मामा वेताच्या खुर्चीत बसले होते, आजूबाजूला शिपाई. मी माझं वार्ताहराचं कार्ड काढून रुबाबात पुढे केलं. उंच साहेबानं ते वाचलं, उलटं करून पाहिलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "अच्छा, आप अखबार से हैं? फिर तो आपने कुछ नहीं देखा."

"साहेब, मी तिथे हजर होतो."

"वह मौसम का गुब्बारा था," तो म्हणाला. "सरकार का माल है, सरकार को वापस चाहिए. बस."

मी विचारलं, कुऱ्हाडीनं न फाटणारा फुगा असतो का? चष्मेवाल्यानं खाली पाहिलं. उंच साहेबानं मला मामाशी बोलायची परवानगी दिली. भाचा तरी म्हाताऱ्याला बोलतं करेल, हा त्याचा हिशेब.

"मामा, सांगून टाका ना," मी म्हणालो. "कायले हट्ट करून राहिले?"

"नाई सांगन."

"तुम्ही खरंच मानता? नाव घेतलं की गाडा परत येतो?"

मामानं खुर्चीतच पाय वर घेतले. "मी मानतो का नाई, ते सोड. माह्या गावचे बैल त्याच दिवशी उठले गा, गाडा शिवेपार झाला त्याच दिवशी. आता चुरनं चालू हाये. अन् मी नाव घेतलं, अन् उद्या एक बैल बसला, तं गाव कोनाकडे पाहीन? ज्या गावाले आमी दिला त्यायनं बी माह्या भरोशावर तो घेतला. पटेलकी सरकारनं देली, सरकार घेईन. शीव सरकारनं नाही देली."

खुरी आपली आपणच बरी होते, हे मलाही माहीत होतं. पण एका दिवसात? सगळ्या गावाची? मी तो विचार बाजूला ठेवला, कारण त्याच विचारातून मला एक झकास युक्ती सुचली होती. गाडा कुठे गेला हे कोणी सांगणार नव्हतं. पण आपले बैल बरे झाले, हे सांगायला कोणता शेतकरी लाजतो?

दुसऱ्या दिवशी पहाट सरल्यावर सायकल काढली. पुढच्या गावात शिरलो आणि पहिल्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, बैलांची खुरी कशी आहे?"

"उठले ना बाप्पा!" तो म्हणाला. "परवापावेतो लार गारून राहिले होते. आता पाह्य, तनस खाऊन राहिले."

बस! गाडा इथून गेला होता. या गावाला तीन बाजूंनी गावं. एका बाजूला गेलो तर बाई म्हणाली, आमचे अजून बसलेलेच आहेत. म्हणजे इकडे नाही आला. दुसऱ्या बाजूला बैल उभे, खळं चालू. म्हणजे इकडे आला. असा मी बरे झालेले बैल धरून निघालो. त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. नागपूरच्या संपादकांनी मला पाहायला हवं होतं! एकाही गावात मी गाड्याचं नाव काढलं नाही, आणि एकाही गावानं मला खोटं सांगितलं नाही.

पण पुढे पुढे माझी शीळ बंद झाली. ज्या गावातून तो गेला तिथे सगळे बैल बरे. ज्या गावातून नाही गेला, तिथे एकही नाही. मधली दशा मला कुठेच दिसली नाही. मी शोधायला गेलो होतो मशीन, आणि रस्ता मला दाखवत होते बैल.

मधली दशा दिसली ती शेवटच्या गावात. गोंड वस्तीचं लहानसं गाव, पुढे रिझर्व्ह जंगल. तिथले अर्धे बैल उठलेले, अर्धे बसलेले. जंगलाच्या हद्दीवर दगडांचा मुनारा असतो, त्या मुनाऱ्याजवळ मोहाच्या झाडाखाली गाडा उभा होता. लाल कापडाखाली ती वस्तू. शेजारी गावचे पुजारी मंगरूबाबा आणि चारपाच माणसं चिंतेत बसलेली. गावातले बसलेले बैल होते तिथूनच इकडे तोंड करून होते.

मी रामराम केला आणि बैलांचंच विचारलं. मंगरूबाबा हसले. "तू पटेलाचा भाचा व्हय. बैल इचारत इचारत येऊन राहिला, आमाले खबर आली. बस."

अडचण अशी होती. पुढे जंगल, म्हणजे गाव नाही. गाव नाही तर शीव कोणाची? तरी त्यांनी आदल्या दिवशी गाडा मुनाऱ्यापलीकडे ढकलून पाहिला होता. तेवढ्यात जंगलाचा नाकेदार आला आणि त्यांच्यावर खेकसला, सरकारी जागेत काही ठेवायचं नाही म्हणून. गाडा परत घ्यावा लागला. "धड गेला नाई, धड राहिला नाई," मंगरूबाबा म्हणाले. "म्हनून अर्धे बैल बसून हायेत."

मी मोहाखाली बसलो. समोर ती वस्तू, जिच्यासाठी साहेब मामाला नागपूरला नेणार होते. मी सायकलवर टांग मारून जाऊन साहेबांना जागा सांगितली असती तर मामा सुटले असते. पण मग या गावाचं नाव मी घेतलं असतं, आणि मामा घरी येऊन माझ्याशी कधी बोलले नसते. मी मानत नव्हतो हो... पण मामाचा स्वभाव तर मानत होतो!

आणि मग नाकेदाराचं वाक्य माझ्या डोक्यात परत वाजलं.

"बाबा," मी म्हणालो, "नाकेदार काय म्हणाला? जागा सरकारी. म्हणजे सरकारला शीव आहे?"

"हाये तं."

"मोठी सडक कोणाची?"

"सरकारची."

"सडकेवरचा डाकबंगला?"

मंगरूबाबा उठूनच उभे राहिले. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळे एकदम हसायला लागले. "सरकारच एक गाव हाये, मंग!" एक जण म्हणाला. "त्यायच्या शिवेत नेऊन देऊ, बाकी ते पाह्यतीन."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडा निघाला. जंगलाच्या कडेनं सडकेपर्यंत, आणि मग सडकेनंच, कारण सडक सोडून बाजूला चाक गेलं असतं तर ते कोणत्या तरी गावाच्या शिवेत गेलं असतं. पुढे ढोल, मागे मंगरूबाबा, दोघं गाडा ओढणारे, आणि मी सायकल हातात धरून. समोरून येणारी माणसं लाल कापड पाहून रस्त्याखाली उतरत होती आणि तोंड फिरवून उभी राहत होती. एक मोटारसुद्धा थांबली. ड्रायव्हर इकडचाच असणार.

जेवणवेळ टळून गेल्यावर आम्ही डाकबंगल्याच्या फाटकात पोचलो. व्हरांड्यात मामा होते, शिपाई होते, ढोल ऐकून दोन्ही साहेब बाहेर आले. शिपाई पुढे झाला, "क्या है? यहाँ क्या ला रहे हो?" मंगरूबाबांनी फाटकाच्या आत गाडा लावला, लिंबू ओवाळलं, काळी कोंबडी सोडली. ती सरळ सरकारी बागेत शिरली. मग बाबांनी लाल कापड ओढून काढलं, आणि ती राखी कोहळ्यासारखी वस्तू उन्हात उघडी पडली.

बाबा वळले. सगळे वळले. मी पण वळलो.

आता लक्षात घ्या. माझ्या पाठीमागे माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी बातमी होती. सरकार तिला हात लावणार होतं, काय करणार होतं ते पाहणारा एकमेव वार्ताहर मी होतो. मान नुसती फिरवायची होती! मी कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस. पायांखाली खडी वाजत होती, मागून कोणीतरी इंग्रजीत भराभर बोलत होतं, एकदा कोणी ओरडल्यासारखं झालं... आणि मी मान फिरवली नाही. फाटकातून सडकेवर आलो, सडकेवरून वळणापर्यंत गेलो, तरी नाही. का, ते मला आजतागायत सांगता येत नाही. मामाचे डोळे माझ्या पाठीवर होते, एवढं मात्र मला कळत होतं.

उन्हं कलायच्या आत मामा एकटेच चालत सडकेनं आले. साहेबांनी त्यांना सोडलं होतं. ना केस, ना जबाब. मागून ताडपत्री बांधलेली जीप आमच्या अंगावर धूळ उडवत नागपूरकडे गेली. तिच्यातल्या कोणीही आमच्याकडे पाहिलं नाही.

आमच्याकडे भाच्याचा मान असतो. मामा वयानं कितीही मोठा असो, भाच्याच्या पाया पडतो. श्रावणमामा भर सडकेवर वाकले, माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "भाचेबुवा, मी जित्ता हावो तंवर हे लिहू नका. अन् गावायची नावं कधीच नको." पाया पडून मागितलेलं नाही कसं म्हणायचं? मला रडू आलं. थोडं मामासाठी आणि थोडं, खरं सांगतो, बातमीसाठी.

मंगरूबाबांच्या गावचे राहिलेले बैल त्या संध्याकाळी उभे राहिले होते. हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्याच माणसानं येऊन सांगितलं. त्या दिवशी घरी पोचल्यावर मामीनं मामाला भात वाढला आणि आधी चार शिव्या दिल्या.

मी लिहिलं नाही, पण विचारायला तर बंदी नव्हती! काही वर्षांनी, आमचा भाग मुंबई राज्यात गेला होता तेव्हा, नागपूरला एका सरकारी कचेरीच्या जिन्यात तोच चष्मेवाला साहेब मला भेटला. त्यानं मला ओळखलं. चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली. मी हळूच विचारलं, "साहेब, त्या डाकबंगल्यात आलेल्या वस्तूचं पुढे काय झालं?"

त्यानं कप खाली ठेवला. "कसली वस्तू?" तो म्हणाला. "मी त्या भागात कधी आलोच नाही." आणि माझ्या नजरेला नजर न देता त्यानं आणखी एक चहा मागवला. तो खोटं बोलत होता, यात मला शंका नाही. मला राग आला तो त्याच्या खोटं बोलण्याचा नाही, आपण तिथे नव्हतोच असं तो माझ्याच तोंडावर सांगत होता, त्याचा.

गावी जाऊन मी तावातावानं मामाला सांगितलं. हे सरकार असंच, सगळं दाबून ठेवतं, माणसाला वेड्यात काढतं वगैरे. मामा तंबाखू मळत ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलत गेला.

"मंग त्यायनं बी नेम पारला," ते म्हणाले. "घेतला कोठून, देला कोठी, नाव नाई घेतलं. शिकले म्हनाचे!"

मामा पुष्कळ जगले. शेवटी शेवटी खाटेवर असायचे, पण बुद्धी शाबूत. एकदा दुपारी दोघंच होतो. मी म्हणालो, "मामा, मी त्या दिवशी मागं वळून पाहिलं नाही. तुम्ही तर समोर होते. काय झालं ते सांगा ना आता."

ते म्हणाले, "त्या लंब्या साहेबानं हात लावला. मंग डोक्याची टोपी काढली. माह्याजवर आला अन् लहान पोरावानी इचारलं, 'पटेल, हमसे आगे किसका गाँव है?'"

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"नाव कसं घेऊ?" मामा म्हणाले. त्यांनी पांघरुणातून हात काढला, बोट उचललं आणि कौलांकडे, त्याच्याही वर, सरळ आभाळाकडे दाखवलं.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. म्हणून हे लिहिलं. ती वस्तू काय होती, कोणी सोडली, बैल कशानं उठले... माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला उत्तर माहीत आहे असं म्हणणाऱ्याला मी अजूनही ते दोनच प्रश्न विचारीन. मात्र आभाळातून काही उतरलं अशी बातमी कुठून तरी आली, आणि तिथलं सरकार म्हणालं की काहीच नव्हतं, की आता मला हसू येत नाही. मी मनात एवढंच म्हणतो, म्हणजे गाडा अजून यांच्याच शिवेत आहे... वरच्या गावाची वाट काही यांना सापडलेली नाही.